दाईचे दूध आणि संताचा रंग

संत गोन्सालो गार्सियाच्या सणाला वसईच्या किल्ल्यात एकदाही गेला नाही, असा आपल्या भागातील ख्रिस्ती माणूस विरळा. एरवी सुनसान असणारी ती वाट त्या दिवशी माणसांनी फुलून जाते. येशूनामाच्या जुन्या मंदिरात मिस्सा होते, गायनमंडळ गाते, लाल लुगड्यातल्या आज्या नातवंडांचे बोट धरून वेदीपर्यंत जातात आणि सांगतात, ‘‘हा आपल्या मातीतला संत बरं का!’’ पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी रोममध्ये नागासाकीच्या सव्वीस रक्तसाक्षींना संतपद बहाल केले. त्या सव्विसांत वसईचा गोन्सालो होता. भारतात जन्मलेल्या माणसाला मिळालेले ते पहिले संतपद. आजीचा अभिमान रास्तच आहे.

परंतु ज्या मंदिरात आपण हा सण साजरा करतो ते मंदिर येशूसंघीयांचे होते. गोन्सालोचे बालपणीचे शिक्षण झाले तेही त्यांच्याच छायेत. जपानला तो प्रथम गेला तोही त्यांच्याचबरोबर. मग त्याला मरण आले ते फ्रान्सिस्कन झग्यात, हे कसे? चरित्रांतून या प्रश्नाला एखाददुसरे वाक्य मिळते. गोन्सालोने येशूसंघात प्रवेश मागितला, तो त्याला मिळाला नाही. तेव्हा त्याने व्यापार धरला आणि पुढे मनिलाला जाऊन तो फ्रान्सिस्कन बंधू झाला. वाक्य वाचून आपण पुढे जातो. आज त्या वाक्यापाशी थोडे थांबावे असे मला वाटते. कारण त्या नकारामागे जे जग उभे होते ते आपल्याच भूमीवरचे होते आणि त्याच्या खुणा आपल्या घरांतून अजून गेलेल्या नाहीत.

गोन्सालोचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज. आईचा उल्लेख येतो तो ‘येथील स्थानिक स्त्री’ एवढाच. अशी घरे तेव्हा पोर्तुगीज वस्तीत पुष्कळ होती आणि ती योगायोगाने झालेली नव्हती. १५१० साली गोवा जिंकल्यावर आफोन्सो द आल्बुकेर्क याने आपल्या माणसांना येथील स्त्रियांशी लग्न करण्यास उत्तेजन दिले. या लग्नांची स्तुती करताना एक गोष्ट मात्र सांगितली जात नाही. आल्बुकेर्कला हव्या होत्या त्या गोऱ्या वर्णाच्या, देखण्या स्त्रिया. मलबारकडच्या काळ्यासावळ्या स्त्रियांशी आपल्या माणसांनी संसार थाटावेत हे त्याला पसंत नव्हते. म्हणजे पोर्तुगीज राजवटीच्या पहिल्याच दिवसांत वधूची निवड आणि वधूचा रंग यांची गाठ राज्यकर्त्याच्या हातून मारली गेली. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती आली तेव्हा ही दृष्टी त्यांच्यासोबत येथेही आली.

त्या समाजात माणसांची एक उतरंड होती आणि प्रत्येक पायरीला नाव होते. सर्वांत वर ‘रेइनोल’, म्हणजे पोर्तुगालच्या भूमीवर जन्मलेला गोरा. त्याखाली ‘कास्तिसो’, गोऱ्या आईबापांच्या पोटी हिंदुस्थानात जन्मलेला. त्याखाली ‘मेस्तिसो’, मिश्र रक्ताचा. त्याखाली एतद्देशीय ख्रिस्ती आणि अगदी तळाशी मोझांबिककडून जहाजांत भरून आणलेले आफ्रिकी गुलाम. हे सगळे एकाच मंदिरात गुडघे टेकीत, एकाच ताटातील ख्रिस्तशरीर स्वीकारीत. उतरंड मंदिराच्या दाराबाहेर ठेवलेली नव्हती. ती आतही होती आणि मठांच्या दारांवर तर ती पहारा देत उभी होती.

येशूसंघाचे पूर्वेकडील निरीक्षक फादर आलेसांद्रो वालिन्यानो १५७४ साली गोव्यात आले. मोठा बुद्धिमान, दूरदृष्टीचा इटालियन माणूस. जपानी लोकांची भाषा, शिष्टाचार, राहणी मिशनरींनी आत्मसात केली पाहिजे असा आग्रह त्यांनी धरला आणि त्यासाठी इतिहास त्यांचे नाव आदराने घेतो. परंतु हाच मनुष्य हिंदुस्थानातील लोकांविषयी लिहू लागला की त्याची लेखणी बदलते. जपानी आणि चिनी लोकांना तो ‘गोऱ्या’ लोकांत गणतो, त्यांच्या बुद्धीचे कौतुक करतो. हिंदुस्थानातील सावळे लोक मात्र त्याच्या मते स्वभावतःच कनिष्ठ. त्यांना संघात घेऊ नये, मेस्तिसोंनाही शक्यतो घेऊ नये आणि अंगात येथील रक्त जितके अधिक तितका नकार अधिक ठाम असावा, असे त्याचे मत होते. मलबारचे पेरो लुईस यांच्यासारखा एखादा ब्राह्मण या आधी संघात आला होता, पण त्यानंतर ते दार आपल्या लोकांसाठी दीर्घकाळ बंद झाले. तेच दार पौलो मिकीसारख्या जपानी तरुणासाठी १५८६ साली उघडले गेले आणि तो येशूसंघीय म्हणूनच नागासाकीला क्रुसावर गेला. गोन्सालोच्या नकाराचे कारण शोधायला, मला वाटते, फार दूर जावे लागत नाही. तो जपानी भाषा उत्तम बोलत होता, वर्षानुवर्षे त्याने धर्मशिक्षकाचे काम केले होते. उणे होते ते त्याच्या गुणांत नव्हते.

याच उतरंडीची दुसरी एक कथा आपल्या शेजारची आहे आणि ती आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. तारापूर येथे पोर्तुगीज आईबापांच्या पोटी जन्मलेला मिगेल द पुरिफिकासांव हा फ्रान्सिस्कन धर्मगुरू. त्याच्या काळी, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, पोर्तुगालहून आलेले फ्रान्सिस्कन आणि हिंदुस्थानात जन्मलेले गोरे फ्रान्सिस्कन यांच्यात तीव्र भांडण जुंपले. येथे जन्मलेल्यांना संघातील अधिकाराच्या जागा मिळू नयेत असा पहिल्यांचा हट्ट. पण हेही गोरे, तेही गोरे. मग दोष दाखवायचा कसा? तोही सापडला. हे लोक गोऱ्या आईबापांचे असले तरी लहानपणी त्यांना येथील दायांनी अंगावर पाजले आहे. त्या दुधाने त्यांचे रक्त जन्मभरासाठी दूषित झाले आहे, असे पोर्तुगालहून आलेले म्हणू लागले!

क्षणभर विचार करा. ही दाई कोण असेल? तारापूरची, माहीमची, वसईची एखादी बाई. कदाचित आपलीच कोणी पूर्वज. स्वतःचे मूल बाजूला ठेवून तिने परक्याचे मूल छातीशी धरले. त्या दुधाने वाढलेला मुलगा गुरुदीक्षा घेऊन वेदीवर उभा राहिला, तेव्हा त्याच्या बंधूंना त्या दुधात उपकार दिसला नाही, विटाळ दिसला.

मिगेल गप्प बसला नाही. त्याने युरोपचा लांबचा प्रवास केला, वरिष्ठांपुढे दाद मागितली आणि १६४० साली बार्सिलोना येथे आपल्या बाजूचा ग्रंथ छापला. त्याच्या धैर्याचे कौतुक वाटते. परंतु त्याने बाजू कोणती मांडली ते पाहिले की मन खट्टू होते. उतरंडच चुकीची आहे असे तो म्हणत नाही. आम्ही शुद्ध रक्ताचे आहोत, मेस्तिसो नाही, एवढेच तो पटवू पाहतो. वरच्या पायरीवरच्याने त्याला ढकलले; त्याने खालच्या पायरीवरच्याकडे बोट दाखवले. दाईच्या बाजूने कोणी ग्रंथ लिहिला नाही.

आता गोन्सालोकडे वळू. मनिलामध्ये फ्रान्सिस्कनांनी त्याला बंधू म्हणून स्वीकारले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर तो पुन्हा जपानला गेला. हिदेयोशीसारख्या सत्ताधीशापुढे स्पॅनिश धर्मगुरूंचे बोलणे जपानीत सांगणारी जीभ होती ती या वसईकराची. तीन वर्षे बरी गेली. १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले, त्यावरून संशय वाढला आणि डिसेंबरमध्ये धरपकड झाली. जानेवारी १५९७ मध्ये क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानाचे तुकडे कापण्यात आले, गावोगाव धिंड काढण्यात आली आणि ५ फेब्रुवारीला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले.

त्या क्रुसांवर कोण कोण होते ते आठवावे. सहा फ्रान्सिस्कन: त्यांतले चार स्पेनचे, एक मेक्सिकोत जन्मलेला फेलिपे, एक वसईचा गोन्सालो. तीन जपानी येशूसंघीय. उरलेले सतरा जपानी प्रापंचिक, त्यांत बारा वर्षांचा लुईस इबाराकी. ज्या संघाने गोन्सालोला नाकारले त्याचे बंधू आणि तो एकाच रांगेत होते. हिदेयोशीच्या शिपायांनी कोणाच्या आईचा वर्ण विचारला नाही. भाला सर्वांच्या बरगड्यांतून सारखाच गेला. ख्रिस्तसभेतील बंधूंना जे जमले नव्हते ते मारेकऱ्यांनी करून दाखवले. त्यांनी सव्वीस जणांना केवळ ख्रिस्ती म्हणून ओळखले.

गोन्सालोची कथा येथे संपत नाही. १६२७ मध्ये त्याला धन्यवादित घोषित करण्यात आले आणि पुढच्या शतकात तिचा एक अध्याय वसईपासून हजारो मैलांवर लिहिला गेला.

ब्राझीलच्या ईशान्येला रेसिफे हे बंदर आहे. उसाचे मळे, साखरेचे कारखाने आणि त्यांत राबणारे आफ्रिकी गुलाम, यांवर ते शहर उभे होते. तेथे गोऱ्या बापाच्या आणि काळ्या आईच्या वंशात जन्मलेल्यांना ‘पार्दो’ म्हणत. हे लोक कारागीर होते, शिपाई होते, गायक-वादक होते, निष्ठावंत कॅथॉलिक होते. परंतु गोऱ्यांच्या धर्मबंधुमंडळांत आणि मानाच्या जागांवर त्यांना प्रवेश नव्हता. त्यांचे स्वतःचे बंधुमंडळ होते आणि मुक्तिदात्री मातेच्या नावाचे मंदिर होते. या लोकांना कळले की पूर्वेकडील वसई नावाच्या गावचा, पोर्तुगीज बापाचा आणि एतद्देशीय आईचा मुलगा वेदीवर पूजनीय झाला आहे. १७४५ साली त्यांनी त्याची मूर्ती मोठ्या मिरवणुकीने आपल्या मंदिरात आणली.

गोऱ्यांना ते रुचले नाही. पार्दो मनुष्य संत होऊच कसा शकतो, असे काही म्हणाले. गोन्सालो पार्दो नव्हताच, असे दुसऱ्यांनी सांगितले. तेव्हा १२ सप्टेंबर १७४५ रोजी फ्रान्सिस्कन फादर आंतोनियो द सांता मारिया जाबोआतांव हे त्या मंदिराच्या व्यासपीठावर उभे राहिले आणि त्यांनी इतिहास, भूगोल व वंशावळ यांचे दाखले देत सिद्ध केले की गोन्सालोची आई काळ्या वर्णाची होती, सबब तो पार्दोच होता आणि पार्दो असणे यात उणेपणा काहीच नाही. पुढे १७५१ साली लिस्बनमध्ये हे प्रवचन छापले गेले. ‘आपल्या रंगाचा संत’ ही त्या लोकांची भावना त्याच्या शीर्षकातच नमूद आहे. पुढे रिओ द जानेरो आणि मिनास जेराइसच्या डोंगराळ प्रदेशातही संत गोन्सालो गार्सियाच्या नावाची मंदिरे उभी राहिली.

मला या प्रसंगाचे फार वाटते. जिचे नाव आपण वसईकरांनी जपले नाही त्या आईच्या रंगाचा निवाडा, तिच्या मुलाच्या मृत्यूनंतर सुमारे दीडशे वर्षांनी, महासागरापलीकडच्या एका मंदिरात चालू होता. तेव्हा वसईवर मराठ्यांचे निशाण लागूनही सहा वर्षे झाली होती. येथल्या लोकांना त्या वादाची वार्ताही नसेल. पण तेथल्या अपमानित माणसांनी तिला आपली आई मानले. आपण गोन्सालोला ‘पहिला भारतीय संत’ म्हणतो आणि त्यात आपला मान वाढलेला पाहतो. रेसिफेच्या पार्दोंनी त्याच्यात आपले दुःख पाहिले. खरी भक्ती कोणाची, हे ज्याने त्याने ठरवावे.

तरीही प्रामाणिकपणे आणखी एक सांगितले पाहिजे. रेसिफेमध्ये पार्दोंचे मंदिर वेगळे होते तसे काळ्या लोकांचे बंधुमंडळही वेगळेच होते. आम्ही गोरे नसू, पण काळेही नाही, हा भाव त्या उत्सवातही होता. अपमान सोसणारा मनुष्य आपोआप शहाणा होत नाही. पुष्कळदा तो केवळ आपल्याखालची पायरी शोधू लागतो.

गोव्याचा इतिहास हेच सांगतो. दिवाडी बेटावरचे मातेउस द कास्त्रो यांना, ते ब्राह्मण कुळातील एतद्देशीय म्हणून, गोव्याच्या आर्चबिशपांनी गुरुदीक्षा नाकारली. ते रोमला गेले. १६२२ मध्ये स्थापन झालेल्या धर्मप्रसार परिषदेने त्यांना जवळ केले. ते धर्मगुरू झाले आणि १६३७ साली बिशप. परत आल्यावर गोव्यातील अधिकाऱ्यांनी त्यांना मानले नाही, तेव्हा त्यांनी आदिलशाही मुलखात डिचोलीला ठाण मांडले. १६५३ साली त्यांनी पोर्तुगीजांच्या अन्यायावर घणाघाती पुस्तिका लिहिली. तिचे नाव मात्र ‘ब्राह्मणांचा आरसा’. हाक होती ती ब्राह्मण ख्रिस्ती कुळांना. रंगाच्या पायरीवरून खाली लोटल्या गेलेल्या या तेजस्वी बिशपांना जातीची पायरी सोडवली नाही. गोव्यातील कितीतरी धर्मबंधुमंडळे पुढे शतकानुशतके एकाएका जातीची मालकी होऊन राहिली, हे आपण जाणतोच.

कायदे झाले. २ एप्रिल १७६१ रोजी पोंबालच्या सरकारने फर्मान काढले की राजाच्या आशियाई ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या बरोबरीचे हक्क आहेत आणि त्यांना ‘निग्रो’, ‘मेस्तिसो’ अशा नावांनी हिणवणे हा गुन्हा आहे. गोव्यात त्या फर्मानाची अंमलबजावणी होण्यास १७७४ साल उजाडले. तरीही १७८७ मध्ये, बिशपपदासाठी डावलले गेलेल्या धर्मगुरूंच्या संतापातून पिंटोंचा कट उभा राहिला. सत्तेचाळीस जणांना अटक झाली, पुढच्या वर्षी पंधरा जणांना पणजीत क्रूरपणे ठार मारण्यात आले आणि कटातील धर्मगुरूंना लिस्बनच्या तुरुंगात पाठवण्यात आले. फर्मानाने तोंडातली शिवी थांबली असेल. मनातली उतरंड फर्मानाने हलत नाही, कारण ती शिकवली जाते ती घरात, पाळण्यापाशी.

पवित्र बायबलमधील गणना या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात एक कौटुंबिक भांडण आहे. मोशेने कूश देशाची स्त्री पत्नी केली होती. कूश म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेचा, काळ्या लोकांचा देश. त्या लग्नावरून मोशेची सख्खी बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन त्याच्याविरुद्ध कुरकूर करू लागली. देवाने ती कुरकूर ऐकली. मिर्यामचे अंग कोडाने हिमासारखे पांढरे झाले आणि सात दिवस तिला छावणीबाहेर राहावे लागले. काळ्या वहिनीवरून बोलणाऱ्या नणंदेला मिळालेली शिक्षा पांढरेपणाची होती, हे आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतून अधूनमधून सांगितले गेले पाहिजे. आणखी एक लक्षात घ्यावे. मिर्याम काही परकी, अधर्मी बाई नव्हे. ती संदेष्टी होती. तिने आपल्या भावाला नाईलच्या काठी राखले होते. घरातले विष पुष्कळदा अशाच मायेच्या माणसांच्या तोंडून येते.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. आमच्या घरातील एक मुलगी परिचारिका होऊन इंग्लंडला गेली. काही वर्षांनी तिने कळवले की तिच्याच धर्मग्रामातील, मूळच्या घानाच्या एका कॅथॉलिक तरुणाशी तिला लग्न करायचे आहे. घरात बैठक बसली. मुलगा काय करतो, मिस्सेला जातो का, व्यसनी आहे का, यांपैकी एकही प्रश्न निघाला नाही. ‘‘नातवंडं कशी होतील?’’ असे एकाने विचारले आणि ‘कशी’ या शब्दाचा अर्थ कोणी सांगण्याची गरज नव्हती. ‘‘निदान गोरा तरी बघायचा होता,’’ असेही कोणी म्हणाले. भिंतीवर संत गोन्सालोचे चित्र होते. त्याच्या आईबापांचे लग्न हेच दोन वर्णांचे लग्न होते, हे मला ठाऊक होते. मी ते बोललो नाही. वडीलधाऱ्यांपुढे कशाला वाद, असे स्वतःला समजावले. लग्न तिकडेच झाले. आमच्यातले कोणी गेले नाही. मी तिला अभिनंदनाचे पत्र लिहिले ते सहा महिन्यांनी. तिने उत्तर पाठवले, त्यात तक्रारीचा एक शब्द नव्हता. म्हणूनच ते पत्र मला अजून वाचवत नाही.

आपल्या घरांत ही उतरंड अनेक नावांनी नांदते. मुलगी पाहून आलेली मंडळी ‘‘तशी काळीच आहे, पण नाकीडोळी नीटस’’ म्हणतात. त्यातला ‘पण’ त्या मुलीला जन्मभर ऐकू येतो. वाडवळ, कुपारी, कोळी, आदिवासी, कोकणी: एकाच वेदीवरचे आपण, पण लग्न जुळवताना एकमेकांना परके. बाळंतिणीच्या खोलीत मूल पाहायला आलेली बाई आधी त्याचा रंग पाहते, मग देवाचे आभार मानते. वसई-नालासोपाऱ्याकडे आता आफ्रिकेतून आलेली काही कुटुंबे राहतात. त्यांतले कोणी रविवारी मिस्सेला येऊन बसले की त्यांच्या शेजारचा बाक हळूहळू रिकामा होताना मी पाहिला आहे. शांतीचा संकेत देण्याची वेळ आली की माणसे दुसऱ्या बाजूला वळतात. गंमत अशी की तारापूरच्या मिगेलला ज्यांनी विटाळलेला म्हटले त्यांच्या हिशेबाने आपण सारेच, बाकावरचे आणि बाकावरून उठलेले, सारखेच अशुद्ध होतो.

ख्रिस्तसभेने या बाबतीत आपला शब्द स्पष्ट दिला आहे. पोप तिसरे पॉल यांनी १५३७ सालीच अमेरिकेतील मूळ रहिवासी पूर्ण अर्थाने माणसे आहेत, त्यांना गुलाम करता येणार नाही, असे जाहीर केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये वंश किंवा वर्ण यांवरून होणारा भेदभाव ख्रिस्ताच्या मनाविरुद्ध आहे असे बजावले आणि १९८८ मध्ये व्हॅटिकनच्या न्याय व शांती आयोगाने वंशवादावर स्वतंत्र निवेदन काढून त्यात ख्रिस्ती लोकांच्या इतिहासातील दोषांचीही चर्चा केली. शिकवण कमी पडलेली नाही. कमी पडते ते पायरीवरून खाली उतरण्याचे धैर्य.

ते धैर्य आपल्याच इतिहासात एकदा दिसले आहे. मुंबईच्या धर्मप्रांताला एके काळी आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश आर्चबिशप देण्याचा करार होता. १९३७ साली इंग्रज येशूसंघीय थॉमस रॉबर्ट्स त्या पदावर आले. ही जागा येथल्या माणसाची आहे हे त्यांनी ओळखले. १९४६ मध्ये फादर व्हॅलेरियन ग्रेशस साहाय्यक बिशप झाले, तेव्हा कारभार त्यांच्या हाती सोपवून रॉबर्ट्स मुंबईपासून दूर राहिले आणि १९५० साली त्यांनी रीतसर राजीनामा दिला. ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले, १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल झाले. येथे कोणी कट केला नाही, कोणाला तुरुंगात जावे लागले नाही. वरच्या पायरीवरचा मनुष्य स्वतः उठला आणि बाजूला झाला. ज्या संघाने साडेतीन शतकांपूर्वी गोन्सालोला दार बंद केले होते त्याच संघाचा तो बंधू होता.

यंदा किल्ल्यात सणाला जाल तेव्हा आजीने नातवंडांना गोन्सालोची गोष्ट अवश्य सांगावी. फक्त ती थोडी आधीपासून सांगावी: त्याच्या आईपासून. तिचा रंग आपल्यासारखाच होता, त्या रंगामुळे तिच्या लेकरासाठी दारे बंद झाली आणि देवाने मात्र त्याला आपल्या वेदीवर घेतले. हे ऐकलेले मूल उद्या मोठे होऊन घरात एखाद्या लग्नाची बैठक बसली, तर माझ्यासारखे गप्प बसणार नाही.